विल्यम राथबोन व दुखणाइतांच्या घरीं जाणारी परिचारिका

दुखणाईत आतां बरा होणार नाहीं असें डॉक्टरानें सांगितलें, म्हणजे घरचीं माणसें हातपाय गाळून बसतात. करण्याजोगें कांहीं उरलें नाहीं, असें त्यांस वाटतें. पण पुष्कळ उरलेलें असतें, हें इंग्लंदांतील एका व्यापाऱ्यास स्वतःच्या घरीं कळून आलें.

विल्यम राथबोन यांचा जन्म १८१९ सालीं लिव्हरपूल शहरीं एका श्रीमंत व्यापारी घराण्यांत झाला. १८५९ सालीं त्यांची पत्नी लुक्रीशिया मरण पावली. तिच्या शेवटल्या दुखण्यांत मेरी रॉबिनसन नांवाची परिचारिका घरीं राहून शुश्रूषा करीत असे. तिच्यानें मरण टळलें नाहीं. यातना मात्र हलक्या झाल्या. सर्व सोयी असलेल्या आपल्या घरींही या बाईचा एवढा आधार लागला, तर सगळें कुटुंब एकाच कोंदट खोलींत राहतें तेथें काय होत असेल, हा विचार राथबोन यांस सोडीना. त्यांनीं त्याच बाईस तीन महिने पगार देऊन गरीब दुखणाइतांच्या घरोघर धाडलें, व लागेल तें सामानही पुरविलें.

महिन्याभरांतच ती रडत परत आली. ती दैना तिला पाहवेना. राथबोन यांनीं मुदत पुरी करण्यास तिला विनविलें. मुदत सरली तेव्हां मात्र हेंच काम पुढें चालवावयाचें, असा तिचा निश्चय झाला होता. आमच्या मतें या कार्याचें अर्धें श्रेय तिचें आहे.

पुढें शिकलेल्या परिचारिका मिळतना. तेव्हां फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या सल्ल्यानें १८६२ सालीं तेथील मोठ्या इस्पितळास जोडून शाळा निघाली. इमारतीचा खर्च राथबोन यांनीं सोसला. १८६५ अखेर शहराचे १८ विभाग पाडून काम चालूं झालें. परिचारिकेनें दुखणाइताची खोली स्वच्छ व हवाशीर करून ती तशी कशी राखावी, हें घरच्यांस शिकवावें, असा नाइटिंगेल बाईंचा कटाक्ष असे. कारण ती थोड्या वेळानें निघून जाणार, रात्र काढावयाची ती घरच्यांनींच.

राथबोन १८६८ पासून १८९५ पर्यंत पार्लमेंटांत होते. तो भाग येथें सोडून देतों. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाच्या वर्गणींतून ७०,००० पौंड या कामास मिळाले, त्यांतही त्यांची खटपट होती. १९०२ सालीं ते वारले. १९६७ सालीं सिसिली सॉन्डर्स बाईंनीं लंडन येथें मरणोन्मुखांसाठीं सेंट क्रिस्टोफर्स हें शुश्रूषागृह उघडलें, आणि १९६९ पासून तेथील परिचारिका अशा दुखणाइतांच्या घरीं जाऊं लागल्या. वेदनांवर औषध देणें व घरच्यांस धीर देणें, दोन्ही कामें त्यांच्याकडे असत.