बाबूराव शेडमाके आणि ‘ट्रस्टेड नोड’

नेटवर्क म्हटलं की आपल्याला टॉवर, केबल दिसतात. मला आपल्या गडचिरोलीचे बाबूराव शेडमाके आठवतात. मोलमपल्लीचे हे तरुण गोंड जमीनदार. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड घेतला. एप्रिलअखेर प्राणहितेकाठी चिंचगुडीच्या टेलिग्राफ कॅम्पवर हल्ला झाला. तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल मारले गेले.

जंगलात ते काही सापडेनात. मग कॅप्टन क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव टाकला. जमीनदारी म्हणजे तेव्हा महसुलाचा धंदाच, आणि शेजारचा जमीनदार म्हणजे त्यातला ट्रस्टेड नोड! पासवर्ड फोडायची गरजच पडली नाही. सप्टेंबरात लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावांना पकडून दिलं, बदल्यात बाईंना जमीनदारी मिळाली. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी. वय जेमतेम पंचवीस.

साथीदार व्यंकटराव बस्तरला निसटले होते. १८६० मध्ये तिथल्या राजाने त्यांनाही इंग्रजांच्या हवाली केलं.