पाण्याखालचे पंख

मुलांनो, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे नाव तुम्ही ऐकले असेल. टेलिफोनचा शोध लावणारे शास्त्रज्ञ म्हणून सारे जग त्यांना ओळखते. हा शोध लागला तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी ४६ वर्षे जगले. एवढ्या वर्षांत त्यांनी काय केले असेल? पैसा आणि कीर्ती मिळाल्यावर ते स्वस्थ बसले का? मुळीच नाही. वयाच्या ७२ व्या वर्षीही ते एका अजब होडीच्या मागे लागले होते. ती होडी वेग घेताच पाण्याच्या वर उचलली जात असे. आज आपण याच होडीची आणि ती बनवणाऱ्या बेल यांची गोष्ट वाचणार आहोत.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही उच्चारशास्त्राचे शिक्षक होते. शब्द उच्चारताना ओठ, जीभ आणि घसा कसे हलतात हे दाखवणारी खुणांची एक लिपी वडिलांनी तयार केली होती. आईला मात्र ऐकू फार कमी येत असे. इतर माणसे तिच्याशी कानाच्या नळीतून मोठ्याने बोलत. लहानगा अलेक्झांडर तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोलत असे. आवाजाची थरथर आईला जाणवे आणि तिला मुलाचे बोलणे कळे. आवाज म्हणजे थरथर, हा धडा त्याला पुस्तकाआधी आईकडून मिळाला.

या मुलाला यंत्रांचीही आवड होती. त्याच्या एका मित्राच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. तेथे गव्हावरचे टरफल काढण्याचे काम फार किचकट असे. बारा वर्षांच्या अलेक्झांडरने फिरणाऱ्या पात्यांना खिळ्यांचे ब्रश जोडून एक साधे यंत्र बनवले. त्या यंत्राने टरफले निघू लागली. गिरणीत ते यंत्र पुढे बरेच दिवस वापरले गेले.

पण घरावर लवकरच दुःखाचा डोंगर कोसळला. १८६७ साली धाकटा भाऊ क्षयरोगाने गेला. तीन वर्षांनी थोरला भाऊही त्याच रोगाने गेला. अलेक्झांडरची प्रकृतीही ढासळत होती. उरलेला एकुलता मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडिलांनी आपला देश सोडला आणि १८७० साली ते कॅनडात येऊन राहिले. तेथील मोकळ्या हवेत अलेक्झांडरची तब्येत सुधारली. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेतील बोस्टन शहरात बहिऱ्या मुलांना शिकवू लागले. मेबल हबर्ड ही त्यांचीच एक विद्यार्थिनी. पाच वर्षांची असताना तापामुळे तिची ऐकण्याची शक्ती गेली होती. पुढे १८७७ साली मेबल आणि बेल यांचा विवाह झाला.

दिवसा शिकवणे आणि रात्री प्रयोग करणे, असा बेल यांचा क्रम होता. आवाजाची थरथर विजेच्या तारेतून दूर पाठवता येईल, असा त्यांचा विश्वास होता. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. तीनच दिवसांनी त्यांनी यंत्रातून मदतनीस थॉमस वॉटसन यांना हाक मारली आणि दुसऱ्या खोलीत बसलेल्या वॉटसन यांना ती स्पष्ट ऐकू आली. काही वर्षांतच बेल यांचे नाव जगभर पोहोचले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मोठ्या माणसांचे सगळेच विचार बरोबर असतात असे नाही. बहिऱ्या मुलांनी ओठांच्या हालचाली पाहून बोलणे शिकावे आणि शाळेत हातांच्या खुणांची भाषा वापरू नये, असे बेल यांचे मत होते. हे मत अनेक देशांतील शाळांनी उचलून धरले आणि त्यामुळे कितीतरी मुलांची स्वतःची भाषा शाळेत बंद झाली. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, हे आज जाणकार मानतात. बेल यांच्या कामाचा आदर करताना ही चूकही आपण लक्षात ठेवावी.

आता आपण होडीकडे वळू. १८८५ साली बेल पतिपत्नी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील बॅडेक या लहानशा गावी आले. गावाला लागूनच ब्रॅडोर नावाचे विशाल सरोवर आहे. चोहीकडे हिरव्या टेकड्या आणि मध्ये शांत पाणी! त्यांना ही जागा इतकी आवडली, की तेथील एका टेकडीवर त्यांनी घर बांधले. घराजवळ प्रयोगशाळाही उभी राहिली. तेथे बेल मोठमोठे पतंग उडवू लागले. एका पतंगाने तर १९०७ साली एका माणसाला घेऊन आकाशात झेप घेतली. त्याच वर्षी बेल यांनी चार तरुणांना सोबत घेऊन विमाने बनवणारी एक संस्था स्थापन केली. तिला पैसा पुरवला तो मेबल यांनी. या संस्थेचे एक विमान २३ फेब्रुवारी १९०९ रोजी बॅडेक येथील गोठलेल्या सरोवरावरून उडाले. यंत्राच्या शक्तीवर चालणारे विमान कॅनडात प्रथमच उडाले ते याच दिवशी.

पण या यशाआधी एक मोठा घाव बसला होता. त्या चार तरुणांपैकी थॉमस सेल्फ्रिज हे सप्टेंबर १९०८ मध्ये दुसऱ्या एका विमानाच्या अपघातात मरण पावले. विमान अपघातात प्राण गमावणारे ते जगातील पहिले मनुष्य ठरले. बेल यांना फार दुःख झाले. विमान कठीण जमिनीऐवजी पाण्यावरून उडाले आणि पाण्यावरच उतरले तर माणसांचा धोका कमी होईल, असे त्यांचे मत होते. पण यात एक अडचण होती. पाणी विमानाला घट्ट धरून ठेवते, सहज सोडत नाही. मग पाण्याची ही पकड सोडवायची कशी?

मुलांनो, याचे उत्तर तुम्ही घरीच शोधू शकता. एका मोठ्या टबात पाणी घ्या. तळहात पाण्यात आडवा बुडवा. पुढची कड किंचित वर ठेवा आणि हात झर्रकन पुढे सरकवा. काय होते? पाणी हाताला वर ढकलते. पक्ष्याचे किंवा विमानाचे पंख हवेत असेच उचलले जातात. पाणी तर हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. म्हणून पाण्यात अगदी लहान पंखही मोठे वजन उचलू शकतो. होडीच्या तळाखाली असे पंख बसवले, तर होडी वेग घेताच वर उचलली जाते. तिचा तळ पाण्यावर येतो आणि पाण्याचे घर्षण खूपच कमी होते. या पंखांना हायड्रोफॉईल म्हणतात.

ही कल्पना मुळात बेल यांची नव्हती. इटलीतील एनरिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली अशी होडी माजोरे सरोवरात चालवून दाखवली होती. जगाच्या प्रवासाला निघालेले बेल आणि त्यांचे तरुण सहकारी केसी बाल्डविन १९११ साली इटलीत त्यांना भेटले आणि त्यांच्या होडीत बसले. होडी पाण्यावरून अलगद धावत होती. दुसऱ्याकडून शिकण्यात बेल यांना कधीच कमीपणा वाटला नाही. परत येताच दोघांनी बॅडेक येथे जोमाने काम सुरू केले.

पहिली होडी, दुसरी होडी, तिसरी होडी! त्या वेग घेत, पाण्यावर उठत आणि मोडत. दोघे त्या दुरुस्त करत, चूक शोधत आणि पुन्हा पाण्यात उतरवत. होडी नुसती वर उचलली जाऊन भागत नव्हते. ती वर उठल्यावर स्थिर राहणेही तितकेच आवश्यक होते. ती एका बाजूला कलली किंवा तिचे पुढचे टोक पाण्यात घुसले, तर सारे संपले! यावर त्यांनी शिडीच्या आकाराच्या पंखांचा उपाय वापरला. शिडीला जशा एकावर एक पायऱ्या असतात, तसे हे पंख एकावर एक बसवलेले असत. वेग वाढला की होडी वर येई आणि वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर निघत. मग खालच्या थोड्या पायऱ्याच होडीचा भार पेलत. होडी एखाद्या बाजूला खाली गेली, की त्या बाजूच्या आणखी पायऱ्या पाण्यात बुडत आणि तिला पुन्हा वर ढकलत. अशा रीतीने होडी आपला तोल आपणच सांभाळत असे. किती सोपी आणि सुंदर युक्ती आहे ना?

इतक्यात १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. कॅनडा युद्धात उतरला होता. बेल अमेरिकेचे नागरिक होते आणि अमेरिका तेव्हा तटस्थ होती. म्हणून त्यांनी होड्यांचे काम थांबवले. १९१७ साली अमेरिकाही युद्धात उतरली, तेव्हा काम पुन्हा सुरू झाले. शत्रूच्या पाणबुड्यांचा पाठलाग करील अशी वेगवान होडी बनवावी, असा त्यांचा विचार होता. या होडीचे नाव होते एचडी-४.

एचडी-४ सुमारे ६० फूट लांब होती. तिचा आकार चिरुटासारखा निमुळता होता. वजन सुमारे पाच टन होते. तिच्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे शिड्यांसारखे पोलादी पंख होते. तिला ढकलणारे पंखे मात्र पाण्यात नसून विमानाप्रमाणे वर हवेत फिरत. १९१८ साली ती पाण्यात उतरली. पहिल्या इंजिनांवर तिने ताशी सुमारे ८७ किलोमीटर वेग गाठला. पण नोव्हेंबरमध्ये युद्ध संपले. आता अशा होडीची घाई कोणाला असणार? तरीही बेल यांनी अधिक शक्तीची इंजिने मागितली आणि अमेरिकेच्या आरमाराने ३५० अश्वशक्तीची दोन इंजिने त्यांना दिली.

अखेर ९ सप्टेंबर १९१९ चा दिवस उजाडला. बाल्डविन यांनी होडीचे सुकाणू हाती घेतले. इंजिनांच्या आवाजाने टेकड्या दणाणल्या. होडी पुढे सरकली, हळूहळू वर उठली आणि बाणासारखी सुटली. तिचा वेग मोजण्यात आला. तो होता ताशी ११४ किलोमीटर! त्या काळी मोठमोठ्या वेगवान प्रवासी जहाजांनाही ताशी ५० किलोमीटरचा वेग जड जाई. पाण्यावरील वेगाचा हा जागतिक विक्रम होता. बेल तेव्हा ७२ वर्षांचे होते.

मग काय, देशोदेशीच्या आरमारांनी अशा होड्या विकत घेतल्या का? नाही. अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या तज्ज्ञांनी एचडी-४ पाहिली, तिची स्तुती केली; पण होड्यांची मागणी मात्र कोणीच केली नाही. शेवटी तिची इंजिने आणि पंख उतरवण्यात आले. उरलेला लाकडी सांगाडा बेल यांच्या घराजवळच्या किनाऱ्यावर पडून राहिला. इतक्या वर्षांच्या मेहनतीचे फळ पाण्याकाठी उघड्यावर पडलेले होते. दुसरा एखादा खचून गेला असता. बेल मात्र आपल्या वहीत नवनवे विचार टिपतच राहिले.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बॅडेक येथील घरी बेल यांचे निधन झाले. त्यांची लाडकी टेकडीच त्यांचे अखेरचे विश्रांतिस्थान ठरली. त्यांच्या दफनाच्या वेळी अमेरिका आणि कॅनडा या देशांतील सर्व टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते. ज्यांनी माणसांचा आवाज दूरवर पोहोचवला, त्यांना लोकांनी अशी शांत मानवंदना दिली.

होडीचे पुढे काय झाले? कल्पना चांगली असेल तर ती मरत नाही. १९५३ साली इटली आणि स्वित्झर्लंड यांच्यामधील माजोरे सरोवरात पाण्याखालचे पंख असलेली प्रवासी बोट सुरू झाली. फोर्लानिनींची होडी याच सरोवरात धावली होती, हे तुम्हांला आठवत असेलच. पुढे रशियातील नद्यांवरही अशा बोटी धावू लागल्या. कॅनडाच्या आरमाराने अशीच एक युद्धनौका बांधली आणि तिला ब्रॅडोर सरोवराचे नाव दिले. १९६९ साली तिने ताशी सुमारे ११७ किलोमीटर वेग गाठला.

आज हे पंख लहान होडीपर्यंतही पोहोचले आहेत. होडीच्या मागे टांगलेले इंजिन तुम्ही समुद्रकिनारी किंवा चित्रात पाहिले असेल. अशी होडी एकदम वेग घेते तेव्हा तिची मागची बाजू खाली दबते आणि पुढचे टोक वर उठते. चालवणाऱ्याला समोरचे नीट दिसत नाही आणि इंधनही वाया जाते. म्हणून काही लोक इंजिनाच्या पंख्याच्या थोडे वर, तेथे असलेल्या सपाट पट्टीवर, दोन लहान पंख नटबोल्टने बसवतात. धावणारे पाणी त्या पंखांना वर ढकलते. त्याबरोबर होडीचा मागचा भाग उचलला जातो, पुढचे टोक खाली येते आणि होडी बेताच्या वेगातही सपाट धावू लागते. हे लहान पंख काही बेल यांनी बनवलेले नाहीत. पण एचडी-४ ला उचलणारा निसर्गाचा नियम येथेही तोच आहे.

मुलांनो, एचडी-४ चा तो जुना सांगाडा आता बॅडेक येथील बेल यांच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. दूरदूरचे लोक तो पाहायला येतात. टेलिफोनने बेल यांना पैसा आणि कीर्ती दिली. होडीने त्यांना पैसा दिला नाही. तरी दोन्ही कामे त्यांनी सारख्याच आवडीने केली. तुम्हीही एखादे काम मनापासून कराल आणि कदाचित कोणी लगेच शाबासकी देणार नाही. तेव्हा किनाऱ्यावर पडलेली ती होडी आठवा, आणि तिच्या शेजारच्या घरात वही उघडून बसलेले ते म्हातारे गृहस्थही आठवा.