इतिहासाचार्य राजवाडे आणि लष्करी जबाबदारीचे कागद

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ मध्ये झाला. तरुणपणीच पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. १८९४ मध्ये त्यांनी 'भाषांतर' हे मासिक सुरू केले. पाश्चात्त्य विद्या मराठीत आणण्याचा तो खटाटोप फार वर्षे टिकला नाही. त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली ती वाईस हाती आलेल्या मोडी दफ्तरामुळे.

त्या दफ्तरातून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड सिद्ध झाला. पानिपतच्या मोहिमेतील अस्सल पत्रव्यवहार त्यात प्रथमच एकत्र आला. अब्दालीची रसद तोडावी, पैसा पोहोचवावा, असा तगादा सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांकडे लावलेला या पत्रांत दिसतो. राजवाड्यांनी दीर्घ प्रस्तावनेत बुंदेले व मल्हारराव होळकर यांच्यावर पराभवाची जबाबदारी टाकली. संग्राहक येथे न्यायाधीशाच्या आसनावर बसला, असे म्हणावे लागते. वास्तविक युद्धभूमीवरून निघालेले पत्र ही तक्रार असते. ज्याच्यावर ठपका आहे त्याची बाजू त्यात अपुरीच उमटते. सरदेसाई, शेजवलकर यांनी पुढे पानिपतची मीमांसा निराळ्या रीतीने केली, पण तीही याच कागदांच्या आधारे. निवाडा वादग्रस्त ठरला तरी पुरावा टिकला, तो राजवाड्यांनी पत्रे जशीच्या तशी छापली म्हणून.

आठव्या खंडातील शिवकालीन पत्रे या दृष्टीने अधिक मोलाची आहेत. चिपळूणनजीक छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र त्यांत आहे. पावसाळ्याच्या बेगमीचे दाणावैरण बेहिशेब उडवले तर घोडी उपाशी मरतील, शिपाई कुणब्याच्या घरात शिरतील आणि रयतेला मोगल परवडला असे वाटू लागेल, असा त्याचा आशय. रात्री दिवा उघडा ठेवू नये, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत ताकीद जाते. अपराध घडल्यावरच्या शिक्षेपेक्षा तो घडण्याच्या कारणांवर येथे बोट आहे, आणि दोष साध्या शिपायापाशी न थांबता अंमलदारापर्यंत पोहोचतो. बखरीत असा तपशील क्वचितच सापडेल. त्याच खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी शिवकालीन मराठीतील फारसी शब्दांचे प्रमाण प्रत्यक्ष मोजून पाहिले. लष्करी हुकूम हे त्यांच्या लेखी भाषेचेही साधन होते. मराठीच्या अभ्यासकांकडून ही बाजू बरीचशी दुर्लक्षित राहिली आहे.

कागद मिळवणे हे कष्टाचे काम होते. जुन्या घराण्यांना दफ्तर दाखवले तर वतनाचा तंटा उपटेल ही धास्ती असे. राजवाडे गावोगाव हिंडले, स्वतःचे जेवण स्वतः रांधीत राहिले, माळवदावरची रुमाले झाडून नकला करीत बसले. बावीस खंड अशा भ्रमंतीतून उभे राहिले. स्वभाव तापट, ७ जुलै १९१० रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाशीही त्यांचे पुढे बिनसले.

अखेरची वर्षे धुळ्यास गेली. नाशिक रोडहून आग्रा मार्गाने उत्तरेस गेल्यावर लागणाऱ्या त्या गावी ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागे राहिलेली दफ्तरे व टिपणे सांभाळण्यासाठी १९२७ च्या जानेवारीत तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.