गुलामांच्या जहाजाचा कप्तान गीतकार झाला

'अमेझिंग ग्रेस' हे ख्रिस्ती प्रार्थनागीत आज जगभर गायले जाते. ते लिहिणारा जॉन न्यूटन एके काळी आफ्रिकी माणसांना साखळदंडांत जखडून विकायला नेणाऱ्या जहाजाचा कप्तान होता, हे आपणांस ठाऊक आहे काय?

न्यूटन १७२५ साली लंडनला जन्मला. १७४८ साली समुद्रातील वादळातून वाचला आणि धर्माकडे वळला. परंतु धंदा सुटला नाही. जहाजावर तो प्रार्थना करी आणि त्याच जहाजातून गुलाम वाही. १७५४ साली त्याने समुद्र सोडला, तोही आजारपणामुळे.

१७६४ साली तो इंग्लंडमधील ओल्नी गावी धर्मोपदेशक झाला. तेथील गरीब लेस विणणाऱ्यांना समजतील अशी सोपी गीते तो चाळिशीनंतर रचू लागला. शेजारचा कवी विल्यम कूपर जोडीला आला. 'अमेझिंग ग्रेस' १७७३ च्या नववर्षदिनासाठी लिहिले, तेव्हा न्यूटन ४७ वर्षांचा होता. पुढे कूपर मानसिक आजाराने खचला. न्यूटनने काम पुरे केले. दोघांची ३४८ गीते १७७९ साली छापून निघाली.

गुलामीविरुद्ध मात्र तो १७८८ साली उघडपणे बोलला. स्वतःचा अपराध कबूल करणारी पुस्तिका त्याने छापली. कूपरनेही त्याच वर्षी गुलामीविरुद्ध कविता लिहिल्या. १८०७ साली ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला. त्याच वर्षी न्यूटन वारला.

वाचकहो, वादळापासून त्या पुस्तिकेपर्यंत ४० वर्षे गेली. तेवढी वर्षे माणसे बेड्यांतच होती. गाणे ओठांवर लवकर येते. आपल्या घरात आचरण यायला आपण किती वर्षे लावणार?