पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर काहीतरी लिहा, असा कमिटीचा आग्रह झाला. बाबासाहेबांवर काय लिहावे? महाडचे पाणी, नाशिकचा सत्याग्रह, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी हे सारे आपल्या घरातल्या पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. पण एक गोष्ट आपण घाईघाईत सांगून टाकतो. बाबासाहेब शिष्यवृत्तीवर शिकले, एवढेच म्हणतो आणि पुढे जातो. ती शिष्यवृत्ती कुणी दिली, किती दिली, कोणत्या अटीवर दिली, कधी बंद झाली आणि पुढे स्वतः सत्तेच्या खुर्चीवर बसल्यावर बाबासाहेबांनी त्या शिष्यवृत्तीचे काय केले, ही हकीकत नीट सांगावी म्हणून हा लेख.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातले, शिक्षणाचे भारी वेड असलेले. आई भीमाबाई लवकर गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. वर्गात गोणपाटावर बसायचे, पाणी प्यायचे तर वरून कुणी ओतील तेव्हा. पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सारा संसार. तिथेच अभ्यास करून १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्या काळी आपल्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही लहान गोष्ट नव्हती. सत्यशोधक विचारांचे सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले.

बांधवांनो, हे केळुसकर नाव विसरू नका. ज्या हाताने बुद्धाचे चरित्र दिले, त्याच हाताने पुढे शिष्यवृत्तीही मिळवून दिली. कॉलेजात नाव घातले खरे, पण रामजी सुभेदारांची पेन्शन कितीशी पुरणार? पैशाअभावी शिक्षण थांबायची वेळ आली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अस्पृश्यांतल्या लायक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करू, असे मुंबईच्या सभेत जाहीर केले होते. केळुसकर गुरुजी भीमरावांना घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी चार प्रश्न विचारले, उत्तरे पटली आणि दरमहा २५ रुपये मंजूर झाले.

इथे थोडे थांबून विचार करायला हवा. ही शिष्यवृत्ती कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती. त्यासाठी छापील अर्ज नव्हता, जाहिरात नव्हती, ठरलेली संख्या नव्हती. एका राजाचे मन मोठे होते आणि एका शिक्षकाने पुढाकार घेतला, म्हणून एक मुलगा शिकला. परळच्या त्याच चाळीत आणखी किती हुशार पोरे असतील, ज्यांना केळुसकर भेटले नाहीत! हा प्रश्न बाबासाहेबांनी आयुष्यभर मनातून जाऊ दिला नाही, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते.

१९१२ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा देऊन १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत गेले. थोडेच दिवस झाले आणि वडील आजारी असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली. कसेबसे घरी पोहोचले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी प्राण सोडला. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारा, पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा बाप गेला. मुलाने पुढे मिळवलेली एकही परदेशी पदवी त्यांना पाहता आली नाही.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचे ठरवले. त्यात भीमरावांची निवड झाली. तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिक्षण पुरे करून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, ही त्यातली अट. संस्थानाला शिकलेली माणसे हवी होती, तेव्हा अट गैर म्हणता येणार नाही. पण ज्या गावात राहायला कुणी खोली देणार नाही, त्या गावात दहा वर्षे नोकरी कशी करायची, याचा विचार करारात कुठे नव्हता.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. तिथे ना गोणपाट, ना वरून ओतलेले पाणी. वर्गात सगळ्यांबरोबर बसायचे, टेबलावर सगळ्यांबरोबर जेवायचे. प्रा. सेलिग्मन, प्रा. ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. शिष्यवृत्तीच्या पैशातून थोडे घरी रमाईला पाठवायचे, स्वतःच्या पोटाला चिमटा घ्यायचा आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके घ्यायची, असा क्रम होता. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी पीएच. डी. चा प्रबंध सादर केला आणि लंडन गाठून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले.

आणि तिथे शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत येण्याचा बडोद्याहून हुकूम आला. अभ्यास अर्धा, पैसा बंद. अशा वेळी लंडन विद्यापीठाने एक गोष्ट चांगली केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. पैसे नाही दिले, पण जागा राखली. गरीब विद्यार्थ्याच्या बाबतीत या गोष्टीचे मोल पैशाइतकेच असते, हे ज्यांचे शिक्षण मध्ये तुटले त्यांना विचारा. १९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब मुंबईत आले. जी पुस्तके उपाशी राहून जमवली होती, त्यांतली बरीच घेऊन येणारे जहाज युद्धात पाणतीराने बुडाले.

करारानुसार बडोद्याला हजर झाले. एवढी मोठी विद्या घेऊन आलेल्या माणसाच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर ओळख कळताच काठ्या घेऊन लोक दारात आले. अकराव्या दिवशी तिथून बाहेर पडावे लागले. सबंध शहरात एक खोली मिळाली नाही. दहा वर्षांचा करार असा मोडला. पुढे कचेरीने मात्र करार मोडला म्हणून पैशाच्या वसुलीचा पत्रव्यवहार बरीच वर्षे चालू ठेवला. शेवटी ती वसुली सोडून देण्यात आली. महाराजांच्या उपकाराबद्दल बाबासाहेबांच्या मनात कधी किल्मिष आले नाही. १९२५ साली प्रसिद्ध झालेला कोलंबियाचा प्रबंध त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला. देणाऱ्याचे मन आणि कचेरीचा कागद यांत अंतर असते ते असे.

राहिलेले शिक्षण पुरे करायला या वेळी कोणाची शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांनी हातभार लावला. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. एका पारशी धर्मशाळेतून हाकलले आणि एका पारशी मित्राने लंडनला पाठवले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९२० मध्ये लंडनला जाऊन एम. एस्सी., बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. अशा पदव्या मिळवल्या. इकडे मुंबईत रमाई काटकसरीने संसार रेटत होत्या. पोटची लेकरे गेली, तरी नवऱ्याच्या अभ्यासात खंड पडू दिला नाही. शिष्यवृत्ती एकाच्या नावाने असते, पण ती सोसते सगळे घर, हे आपल्या आयाबहिणींना वेगळे सांगायला नको.

१९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. १९२७ पासून मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब शिक्षणाच्या खर्चावर बोलू लागले. तिथे त्यांनी एक वेगळी गोष्ट मांडली. नुसती शिष्यवृत्ती घरी दिली तर गरीब घरात ती मीठमिरचीला जाते. बापाचा तरी काय दोष? त्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करा, म्हणजे मुलाला जागा, जेवण, दिवा आणि शिस्त मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. जो माणूस स्वतः शिष्यवृत्तीवर शिकला, तोच ती वाटण्याच्या पद्धतीतली चूक दाखवत होता. पुढे मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट कमिटीवरही त्यांनी काम केले.

१९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता मागायची नव्हे, मिळवून द्यायची जागा हाती आली. त्याच ऑक्टोबरात त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन दिले. बनारस आणि अलिगडच्या विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देते, मग आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणाला का नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांनी विशेष जोर दिला तो विज्ञान आणि तांत्रिक शिक्षणावर, आणि परदेशी पाठवण्यावर. सरकारला वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद करावी लागली. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि काही मुले परदेशीही गेली. हीच ती आपल्या कॉलेजांच्या नोटीस बोर्डावरची भारत सरकारची शिष्यवृत्ती, जिला पोरे जीओआय म्हणतात.

फरक लक्षात घ्या. १९०७ नंतरच्या भीमरावाला राजाची मर्जी लागली. १९४४ नंतरच्या मुलाला नियम मिळाला. पात्रता काय, ती लिहिलेली. अर्ज कुठे करायचा, ते ठरलेले. कुणाच्या ओळखीची, कुणापुढे वाकायची गरज नाही. दान होते, त्याचा हक्क झाला. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या देणग्यांत ही एक फार मोठी देणगी आहे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले आणि सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणारी पोरेही पदवीधर झाली. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज निघाले, तेच आजचे मिलिंद. सिद्धार्थ आणि मिलिंद. नावांतच केळुसकर गुरुजींनी दिलेल्या त्या पुस्तकाची आठवण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाच्या ओटीत घातले आणि ६ डिसेंबरला ते गेले.

त्यानंतरची गोष्ट आपल्या वाडवडिलांनी सोसली आहे. बौद्ध झालो म्हणून केंद्राच्या यादीतून आपण बाहेर पडलो. ज्या शिष्यवृत्तीसाठी बाबासाहेब भांडले, तीच त्यांच्या धम्माच्या लेकरांना नाकारली गेली. महाराष्ट्र सरकारने नवबौद्ध म्हणून राज्यात सवलती दिल्या, पण केंद्रात दार उघडायला १९९० साल उजाडावे लागले. तोवर एक पिढी संपली. तरी आपल्या माणसांनी शिष्यवृत्तीसाठी धम्म सोडला नाही, याचा अभिमान वाटतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कॉलेजात असताना माझी जीओआय मंजूर झाली, पण जूनचे पैसे हातात पडले ते मार्च उलटल्यावर. तोवर खानावळवाल्याने ताट बंद केले होते. गावाकडे आईने दोन शेळ्या विकल्या आणि मनिऑर्डर पाठवली, म्हणून परीक्षेला बसलो. माझ्या खोलीतला जोडीदार मात्र दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच्या घरी विकायला शेळ्या नव्हत्या. तो माझ्यापेक्षा हुशार होता.

आता अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, पैसे थेट बँकेत येतात, परदेशी जाणाऱ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडणी यांत एखादा कागद राहिला की अर्ज अडतो, आणि उशीर झाला की गरीब पोराचे वर्ष जाते. हक्क आहे, पण केळुसकर गुरुजींची गरज संपलेली नाही. अर्ज भरून देणारा, तारीख लक्षात आणून देणारा, दोन महिने खानावळीचे पैसे उसने देणारा कुणीतरी लागतोच.

म्हणून विहार कमिटीला आणि तमाम बांधवांना एकच नम्र विनंती. बुद्धपौर्णिमेला, भीमजयंतीला वर्गणी जमते. त्यातला ठरलेला भाग बाजूला काढून विद्यार्थी निधी करावा. कोणाला किती दिले, कधी दिले, याची वही विहारात सर्वांना दिसेल अशी ठेवावी. शिकून नोकरीला लागलेल्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसून पोरांचे अर्ज भरून द्यावेत. पहिली संध्याकाळ माझी धरा. येत्या रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात बसतो. पोरांना दाखल्यांच्या झेरॉक्स घेऊन पाठवा.

नमो बुद्धाय! जय भीम!