हद्द आणि डास

कुंभारीहून अक्कलकोटच्या पुढे गेले की कर्नाटकाची हद्द लागते. हद्दीचा दगड माणसाला कळतो, डासाला नाही. म्हणून मला रोनाल्ड रॉस आठवतात.

१८५७ साली अलमोड्यास जन्मलेल्या या लष्करी डॉक्टरांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले. पुढच्याच महिन्यात, हिवताप विरळ असलेल्या खेरवाड्यास त्यांची बदली झाली, संशोधन खुंटले. तरी १८९८ मध्ये कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून, डासाच्या दंशातून रोग पसरतो हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९३२ साली ते निवर्तले.

रोगाची वाट त्यांनी दाखवली. ती बंद करायची तर आमची हद्द असो वा भारत-भूतान सरहद्द, फवारणी दोन्ही बाजूंनी व्हायला हवी.