लिओनिद कांतोरोविच : नियोजनाचे गणित मांडणारा प्रज्ञावंत

सेंट पीटर्सबर्ग येथे १९१२ साली जन्मलेले लिओनिद कांतोरोविच वयाच्या २२व्या वर्षी प्राध्यापक झाले. १९३८ मध्ये एका प्लायवूड उद्योगाने त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला : कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड दिल्यास उत्पादन सर्वाधिक होईल? त्यातून आज लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणून ओळखली जाणारी पद्धत जन्मली. १९३९ मध्ये ती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली.

लेनिनग्राडच्या येगोरोव रेल्वेडबे कारखान्यात पत्रे कापण्यासाठी ती वापरली गेली, तेव्हा भंगार घटले. मात्र भंगार पुरवण्याचेही सरकारी उद्दिष्ट असल्याने ही बचतच कारखान्याला अडचणीची ठरली.

खरा संघर्ष पुढे होता. या गणितातून प्रत्येक साधनाचे मूल्य आपोआप निघे आणि ते अधिकृत श्रममूल्य सिद्धान्ताशी जुळत नसे. त्यामुळे १९४२ मध्ये लिहिलेला त्यांचा ग्रंथ प्रकाशित होण्यास १९५९ साल उजाडले. दरम्यान अमेरिकेत जॉर्ज डान्झिग यांनी १९४७ मध्ये स्वतंत्रपणे हेच क्षेत्र उभारले आणि संगणकाने त्याला गती दिली.

१९७५ मध्ये कांतोरोविच यांना त्यालिंग कूपमन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. तेलशुद्धीकरण आणि पोलाद कारखान्यांतील उत्पादनाची आखणी आजही याच गणितावर चालते.